पावसाच्या पंचांगावर चालणारी बाग

लंडन शहरावर वर्षभरात साधारण ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. पुण्यात तो सातशेच्या पुढे जातो. तरीही लंडनमधल्या घरापुढची हिरवळ बहुतेक वर्षी नळाच्या पाण्यावाचून तग धरते, आणि पुण्यातल्या बंगल्यापुढच्या लॉनला मे महिन्यात चार दिवस पाणी मिळाले नाही तर ते पिवळे पडू लागते. या कोड्याचे उत्तर पावसाच्या वाटणीत आहे. तिकडचा पाऊस बारा महिन्यांत थोडाथोडा येतो, आभाळ पुष्कळदा झाकोळलेले असते आणि उन्हाळ्यातही जमिनीतली ओल लवकर उडत नाही. देशावर वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. ऑक्टोबरात परतीच्या सरी येतात. त्यानंतर सात-आठ महिने जमिनीला वरून जवळजवळ काही मिळत नाही, आणि त्यांतले शेवटचे तीन महिने तर ऊन आणि कोरडा वारा मिळून उरलीसुरली ओलही ओढून घेतात. घरापुढचे लॉन काढून तिथे कमी पाण्यावर तगणारी बाग कशी करावी, हा या पुस्तकाचा विषय आहे. त्याची ओळख करून देताना मला एकच गोष्ट ठामपणे मांडायची आहे. लॉन पाणी पिते एवढ्यावर त्याचा दोष संपत नाही. गावाकडे सर्वांत कमी पाणी उरलेले असते नेमके तेव्हाच ते सर्वांत जास्त पाणी मागते. बाग पावसाच्या पंचांगाप्रमाणे वाढू दिली आणि त्याच पंचांगाप्रमाणे विसावू दिली, तर पाण्याची बचत वेगळी करावी लागत नाही.

या म्हणण्यामागचा हिशेब कोणालाही करून पाहता येईल असा आहे. जमीन आणि पाने मिळून रोज किती पाणी हवेत सोडतात हे काढण्याची एक प्रमाण पद्धत संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९९८ मध्ये प्रसिद्ध केली आणि जगभरचे सिंचन अभियंते आज तीच वापरतात. दख्खनच्या पठारावर मे महिन्यात हा आकडा दिवसाला सहा मिलिमीटर किंवा त्याहूनही वर असतो. उष्ण हवेत वाढणाऱ्या लॉनच्या गवताला त्याच्या सुमारे ८० टक्के, म्हणजे रोज पाचएक मिलिमीटर पाणी लागते. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. तेव्हा १०० चौरस मीटरचे, म्हणजे साधारण अकराशे चौरस फुटांचे लॉन हिरवेगार ठेवायचे तर रोज ५०० लिटर पाणी गवताच्या मुळांशी पोचले पाहिजे. भर उन्हात पाइपने मारलेल्या पाण्यातले जे उडून आणि वाहून जाते, ते वेगळे. शहरी पाणीपुरवठ्याचे मानक माणशी रोज १३५ लिटरचे आहे; जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी धरलेले मानक ५५ लिटरचे. म्हणजे एवढे लॉन शहरातल्या जवळजवळ चार किंवा खेड्यातल्या नऊ माणसांच्या वाट्याचे पाणी रोज घेते. एप्रिल आणि मे मिळून हा खर्च तीस हजार लिटरवर जातो. दहा हजार लिटरचे तीन टँकर. आता हेच दोन महिने धरणांच्या बाजूने पाहावेत. पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांची एकत्र क्षमता सुमारे २९ टीएमसी आहे. पावसाळ्यात भरलेला हा साठा मेअखेर वर्षातल्या तळाला जातो, आणि दौंड-इंदापूरपर्यंतची शेतीही त्याच साठ्याकडे डोळे लावून असते. ऑगस्टात लॉनला नळाचे पाणी लागत नाही, कारण पाऊस पडत असतो. त्याची मागणी आणि गावाचा तुटवडा एकाच महिन्यात शिगेला पोचतात, आणि हा योगायोग नाही. दोहोंचे कारण तेच ऊन आणि तोच न पडलेला पाऊस आहे.

मग असे गवत आपल्या दारात आले कसे? सतराव्या-अठराव्या शतकात फ्रान्स आणि इंग्लंडमधल्या सरदारांच्या वाड्यांपुढे विस्तीर्ण हिरवळी तयार झाल्या. 'केपेबिलिटी' ब्राऊन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उद्यानरचनाकाराने इंग्लंडमध्ये ती पद्धत रूढ केली. जिच्यात काही पिकवण्याची गरज नाही एवढी जमीन आपल्यापाशी आहे, हे दाखवण्याचे ते साधन होते. गवत कापायला विळेवाले गडी किंवा मेंढ्यांचे कळप लागत. १८३० मध्ये एडविन बडिंग याने गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले आणि हिरवळ मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. अमेरिकेत फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड याने १८६९ मध्ये शिकागोजवळच्या रिव्हरसाइड या वसाहतीचा आराखडा करताना घरे रस्त्यापासून मागे घेतली आणि पुढे मोकळी हिरवळ ठेवली. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या उपनगरांनी तोच नमुना लाखो घरांपुढे उमटवला. भारतात ही हिरवळ इंग्रजांबरोबर छावण्या, जिमखाने आणि साहेबांच्या बंगल्यांतून आली. पुढे ती बंगल्यांच्या सोसायट्यांत, कंपन्यांच्या आवारांत आणि नेमक्या एप्रिल-मेच्या लग्नसराईत भरणाऱ्या मंगल कार्यालयांच्या लॉन्सवर पसरली. आपल्या जुन्या घराची रचना वेगळी होती. पुढचे अंगण सारवलेले असे, त्याला पाणी जवळजवळ लागत नसे. पाण्याची भूक असलेली केळ, अळू, कर्दळ परसात मोरीच्या सांडपाण्यावर वाढत. जे झाड जास्त पाणी मागते ते जिथे पाणी आपोआप येते तिथे लावायचे, हे शहाणपण त्या रचनेत होते. कमी पाण्याच्या बागेच्या आधुनिक शास्त्राने वेगळ्या वाटेने येऊन हाच नियम पुन्हा मांडला आहे.

त्या शास्त्राची बांधणी प्रामुख्याने अमेरिकेच्या कोरड्या पश्चिमेत झाली, कारण लॉनची किंमत तिथे सर्वांत आधी उघडी पडली. उपग्रहांच्या चित्रांवरून केलेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार अमेरिकेतल्या हिरवळींचे क्षेत्र १,६०,००० चौरस किलोमीटरच्या वर, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून अधिक भरते. पाणी देऊन वाढवल्या जाणाऱ्या कोणत्याही एका पिकापेक्षा ते मोठे आहे. डेन्व्हर शहराच्या पाणीपुरवठा संस्थेने १९८१ मध्ये कमी पाण्याच्या बागेची सात सूत्रे मांडली : आधी आराखडा, मग मातीची सुधारणा, जागेला साजेशी झाडे, हिरवळ फक्त गरजेपुरती, पाण्याची नेमकी योजना, जमिनीवर आच्छादन आणि नियमित निगा. या सूत्रांची सर्वांत मोठी परीक्षा लास वेगासमध्ये झाली. तिथे वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि नव्वद टक्के पाणी कोलोरॅडो नदीवरच्या मीड सरोवरातून येते. दक्षिण नेवाडाच्या जल प्राधिकरणाने प्रत्यक्ष घरांच्या बागांना मीटर लावून अनेक वर्षे मोजणी केली. २००५ मध्ये मांडलेला निष्कर्ष असा : लॉनला चौरस मीटरमागे वर्षाला सुमारे २,९७० लिटर पाणी दिले जात होते, तर वाळवंटी झाडांच्या बागेला सुमारे ७०० लिटर. ज्या घरांनी लॉन बदलले त्यांचा एकूण पाणीवापर जवळजवळ तीस टक्क्यांनी उतरला. १९९९ पासून हे प्राधिकरण लॉन काढणाऱ्या घरमालकांना रोख अनुदान देते, आणि तिथे आजवर २० कोटी चौरस फुटांहून अधिक हिरवळ निघाली आहे. यामागे एक खोल कारणही आहे. लास वेगासमध्ये घरात वापरलेले पाणी शुद्ध होऊन पुन्हा सरोवरात सोडले जाते. लॉनवर टाकलेले पाणी हवेत जाते आणि परत येत नाही. त्यामुळे नळ, शॉवर, संडास यांत काटकसर करण्यापेक्षा तिथे अंगणातली काटकसर कितीतरी अधिक मोलाची ठरते.

अमेरिकेच्या अनुभवातून घ्यायचे ते केवळ यशाचे आकडे नव्हेत. तिथे झालेल्या चुकाही आपल्या कामाच्या आहेत. १ एप्रिल २०१५ रोजी कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर जेरी ब्राऊन यांनी शहरी पाणीवापरात २५ टक्के कपातीचा आदेश काढला आणि पाच कोटी चौरस फूट लॉन बदलण्याचे उद्दिष्ट ठेवले. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या मेट्रोपॉलिटन वॉटर डिस्ट्रिक्टचे अनुदान चौरस फुटाला दोन डॉलर होते, आणि त्यासाठी लोकांची झुंबड उडाली. त्या घाईत अनेक अंगणांत गवत गेले आणि त्या जागी केवळ खडी किंवा प्लास्टिकचे गवत आले. पाणी वाचले, पण जमीन तापली, पक्षी-कीटकांना काही उरले नाही, आणि 'दुष्काळी बाग म्हणजे उजाड अंगण' असा समज पक्का झाला. ॲरिझोनातल्या फीनिक्स परिसरातल्या अभ्यासांत खडीची अंगणे रात्रीही गरम राहतात असे दिसून आले आहे. भर उन्हात प्लास्टिकचे गवत ६०-७० अंशांपर्यंत तापते. तेव्हा लॉन काढणे ही अर्धीच गोष्ट झाली. त्या जागी काय येते यावर उरलेली अर्धी अवलंबून आहे. नेवाडाने २०२१ मध्ये केलेल्या कायद्यातून दुसरा धडा मिळतो. ज्या हिरवळीवर कापणाऱ्या माणसाखेरीज कोणी पाऊल ठेवत नाही, अशा रस्त्याकडेच्या, कार्यालयांपुढच्या आणि सोसायट्यांच्या सामायिक जागेतल्या शोभेच्या हिरवळीला २०२६ च्या अखेरीनंतर कोलोरॅडो नदीचे पाणी देता येणार नाही. मैदाने, बागा आणि स्वतंत्र घरांची अंगणे त्यातून वगळली आहेत. गवत वापरासाठी आहे की दिसण्यासाठी, हा प्रश्न त्या कायद्याने निर्णायक मानला, आणि आपणही तो तसाच मानावा.

परंतु लास वेगासची झाडे इथे आणून लावली की काम झाले, असे नाही. ते वाळवंट आहे. दख्खनचे पठार वाळवंट नाही. इथे चार महिने मुबलक पाऊस आणि मग दीर्घ कोरड असते, आणि या लयीत वाढलेली वनस्पतींची स्वतंत्र सृष्टी आपल्यापाशी आहे. तिचे नाव माळरान. सरकारी कागदांत त्याला पुष्कळदा पडीक म्हटले गेले, आणि जंगल तोडल्यामुळे उरलेली जमीन म्हणजे माळ, असा समजही रुजला. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तेराव्या शतकापासूनच्या मराठी काव्यांतले, चरित्रांतले आणि लोककथांतले पश्चिम महाराष्ट्रातल्या झाडाझुडपांचे उल्लेख तपासले गेले, आणि त्यांतली बहुसंख्य झाडे उघड्या, गवताळ, विरळ वृक्षांच्या प्रदेशातली निघाली. म्हणजे हा माळ निदान साडेसातशे वर्षे तरी असाच आहे. त्याच्याकडे बागेसाठी काय नाही? तरवडाची पिवळी फुले जवळजवळ वर्षभर येतात. पावसात तेरडा आणि कळलावी वर येतात आणि काम झाले की बियांत किंवा कंदात परत जातात. पाऊस ओसरला की कोरांटी फुलते, थंडी सरताना धायटी लाल होते. फाल्गुनात पळस आणि पांगारा पाने टाकून फुलतात, आणि लॉन जेव्हा जीव टाकते त्या एप्रिल-मेमध्ये बहावा पिवळ्या झुंबरांनी भरून जातो. ही झाडे उन्हाळ्याला तोंड देतात ती वरून ओतलेल्या पाण्यावर नव्हे. कोणी खोल मुळे धाडते, कोणी पाने गाळते, कोणी कंदात दडून राहते. मारवेल आणि पवन्यासारखी गवते उन्हाळ्यात सोनेरी होतात आणि पहिल्या पावसासरशी फुटतात. गवताचे हे सोनेरी होणे म्हणजे मरणे नव्हे, हे एकदा मान्य केले की उन्हाळ्यातली बाग वेगळ्या नजरेने पाहता येते.

या बागेची पहिली गुंतवणूक मातीत आहे. लॉन लावताना मुरमावर बाहेरून आणलेली लाल माती आणि शेणखत यांचा थर पसरतात, कारण लॉनची मुळे उथळ असतात. माळरानाच्या झाडांना तेवढी श्रीमंत माती लागत नाही. पुष्कळांना निचरा होणारा मुरूमच मानवतो. त्यांना हवे असते ते पावसाचे पाणी जमिनीत मुरण्यासाठी वेळ. १०० चौरस मीटरच्या छपरावर वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस पडला तर सत्तर हजार लिटर पाणी येते, आणि त्यातला पाचवा हिस्सा वाया गेला तरी छपन्न हजार लिटर उरते. लॉनचे दोन उन्हाळी महिन्यांचे पाणी याच्या निम्म्याइतकेच आहे. आज ते छपराचे पाणी बहुतेक ठिकाणी पाइपातून थेट गटारात जाते. अंगणाला किंचित उतार देऊन, उथळ चर खणून आणि शोषखड्डे करून तेच पाणी अंगणातच जिरवले तर खोल मुळांच्या झाडांना त्यावर पुढचा बराच काळ काढता येतो. जमिनीवर पालापाचोळ्याचे दोन-तीन इंच आच्छादन ठेवले की ओल टिकते, माती तापत नाही आणि तण कमी होते. लागवड जूनच्या चांगल्या पावसानंतर करावी, म्हणजे रोपांना मुळे धरायला पावसाळ्याचे महिने मिळतात. एक मात्र स्पष्ट सांगितले पाहिजे : कमी पाण्याची बाग म्हणजे बिनपाण्याची बाग नव्हे. पहिले दोन उन्हाळे रोपांना आठवड्यातून एकदा-दोनदा, पण खोलवर मुरेल असे पाणी द्यावे लागते. रोज थोडेथोडे शिंपडले तर मुळे वरच राहतात आणि झाड कायमचे परावलंबी होते. आणि जे काही न मागता वाढते ते सगळे लावण्याजोगे असते, असेही नाही. घाणेरी, वेडी बाभूळ, सुबाभूळ ही पाण्यावाचून तगतात, पण कुंपणाबाहेर पसरून माळरानच गिळतात. त्यांना बागेत जागा देऊ नये. उलट बोगनवेल बाहेरून आलेली असली तरी उपद्रवी नाही. त्यामुळे निवड मूळ देशावरून न करता वागणुकीवरून करावी.

आता आक्षेपांकडे वळू. सर्वांत वजनदार आक्षेप असा : राज्यातले बहुतेक पाणी शेतीला जाते, त्यातही लागवडीच्या अगदी थोड्या क्षेत्रावरचा ऊस सिंचनाचा फार मोठा वाटा घेतो, मग घरापुढच्या लॉनने असे काय बिघडते? प्रमाणाचा हा मुद्दा खरा आहे आणि तो नाकारून काही साधणार नाही. २०१६ च्या दुष्काळात एप्रिल महिन्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावे लागले, आणि त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर हलवायला सांगितले. खेळपट्ट्यांच्या पाण्याने दुष्काळ हटणार आहे का, असे तेव्हाही विचारले गेले. नाहीच हटणार. पण टंचाईत पाण्याचा प्रश्न बेरजेइतकाच अग्रक्रमाचा असतो. त्यातही पिण्याच्या पाण्याची टंचाई राज्याच्या सरासरीत जाणवत नाही. ती एका टाकीत, एका वॉर्डात, एका पंधरवड्यात जाणवते, आणि तिथे रोजचे पाचशे लिटर म्हणजे चार माणसांचे पाणी असते. पुण्याजवळच्या पुरंदर तालुक्यात, नायगावला, १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाण्याचा वाटा जमिनीच्या आकारावर नव्हे तर घरातल्या माणसांच्या संख्येवर, भूमिहीनांनाही हक्क, आणि उसासारख्या पिकाला मनाई, असे नियम तिथल्या शेतकऱ्यांनी स्वतःवर घालून घेतले. दुष्काळी शेतकरी जे बंधन पिकाबाबत पाळू शकला ते शहरी माणसाने शोभेच्या गवताबाबत पाळावे, ही अपेक्षा अवाजवी नाही. उसाच्या पाण्यावर बोलण्याचा नैतिक अधिकारही शहराला त्यातूनच मिळेल.

दुसरा आक्षेप सोसायट्यांचा असतो : आमचे लॉन नळाच्या पाण्यावर नाही, बोअरवेलच्या किंवा सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या पाण्यावर आहे. बोअरवेलचे पाणी 'आमचे' असते ही समजूत दख्खनच्या खडकाने कधीच खोटी ठरवली आहे. काळ्या बेसाल्टमध्ये पाणी झिजलेल्या थरांत आणि भेगांत साठते, हा साठा मर्यादित असतो, आणि एका कुंपणाआड उपसा वाढला की शेजारच्या बोअरची पातळी उतरते, तीही उन्हाळ्यातच. प्रक्रिया केलेल्या पाण्याचा मुद्दा अधिक भक्कम आहे. लॉन ठेवायचेच असेल तर ते याच पाण्यावर असावे. पण हे पाणीही टाकाऊ नाही. घरात वापरलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के सांडपाणी म्हणून बाहेर पडते, असे आपले पाणीपुरवठ्याचे आराखडे धरून चालतात. ते स्वच्छ करून संडासाच्या टाक्यांना, बांधकामांना, रस्त्याकडेच्या झाडांना देता येते, किंवा नदीच्या खालच्या अंगाच्या शेतीला. पुण्यात मुंढव्याच्या जॅकवेलमधून प्रक्रिया केलेले पाणी शेतीसाठी कालव्यात सोडण्याची योजना याच विचारातून झाली. लास वेगासचा नियम इथेही लागू पडतो : जे पाणी नदीकडे परतते ते पुन्हा कोणाच्या तरी उपयोगी पडते, जे लॉनवरून उडते ते त्या उन्हाळ्यापुरते गेले.

तिसरा आक्षेप उन्हाचा आणि मुलांचा. लॉन हवा थंड ठेवते, हे खरे आहे, कारण पाणी उडताना उष्णता घेऊन जाते. म्हणूनच लॉनच्या जागी फरशी किंवा खडी नको, असे या पुस्तकात वारंवार सांगितले आहे. पण तीच थंडाई झाडाच्या सावलीने कितीतरी कमी पाण्यात मिळते. सावली ऊन जमिनीपर्यंत पोचूच देत नाही. लॉन ऊन पोचल्यावर पाणी खर्चून ते शमवते. आपटा, बहावा किंवा भोकराचे एखादे झाड आणि त्याखाली झुडपे, गवत, आच्छादन अशी रचना असली की मे महिन्यात दुपारी बसण्याजोगी जागा तीच असते. उघड्या लॉनवर त्या वेळी कोणी बसत नाही. मुलांना खेळायला गवत हवेच, आणि ते जरूर ठेवावे. फक्त ते पावलांच्या जागेपुरते ठेवावे आणि शक्य तिथे आपल्या हरळीचे ठेवावे. ती उन्हाळ्यात करपते, तुडवली तरी मरत नाही, आणि पावसात पुन्हा पसरते. ज्या मैदानावर वस्तीतली मुले रोज धावतात त्याला पाणी देणे म्हणजे उधळपट्टी नव्हे. प्रश्न आहे तो कोणाच्याही पावलांना न लागणाऱ्या, फाटकातून दिसण्यासाठीच राखलेल्या हिरव्या चौकोनाचा.

चौथा आक्षेप लोक फारसा बोलून दाखवत नाहीत, पण निर्णय बहुधा त्यावरच अडतो : अशी बाग रानटी दिसते, शेजारी नावे ठेवतील, साप येतील. दिसण्याची ही चिंता क्षुल्लक मानू नये. अमेरिकन भूदृश्य-अभ्यासक जोन नासाउअर यांनी १९९५ मध्ये दाखवून दिले की निसर्गासारखी वाढलेली जागा लोकांना खुपते ती निगा नसल्याच्या भावनेमुळे. तिच्याभोवती नीट आखलेली कड, स्वच्छ पायवाट, कापलेला काठ दिसला की तीच जागा लोक आपलीशी करतात. म्हणून उंच गवते मागे आणि ठेंगणी झुडपे पुढे लावावीत, दगडांची किनार बांधावी, वाळलेले झुबके पावसाळ्याच्या तोंडावर कापावेत. ज्यांची कुसळे कपड्यांना चिकटतात अशी गवते वाटेपासून दूर ठेवावीत. साप येतात ते प्रामुख्याने उंदरांमागे, आणि उंदीर येतात ते उघड्या कचऱ्यामागे, रचून ठेवलेल्या विटा-लाकडांमागे. घराच्या भिंतीलगतची दोन-तीन फूट पट्टी मोकळी ठेवली आणि अडगळ साठू दिली नाही, तर लॉनवाल्या घराला जितका धोका तितकाच इथे. शिवाय जी बाग वर्षभर कोणत्या ना कोणत्या फुलावर असते तिथे फुलपाखरे, मधमाश्या आणि छोटे पक्षी येतात, आणि बाग पाहण्यासारखी आहे हे शेजाऱ्यांना तेच पटवून देतात.

हे सगळे मान्य झाले तरी काम एकट्या घरमालकाचे नाही, आणि म्हणून शेवटी तीन विनंत्या. पहिली माळीकामावर पोट असणाऱ्यांसाठी. लॉन गेले की माळ्याचे काम जाते, ही भीती रास्त आहे, पण ती खरी होऊ देण्याची गरज नाही. छाटणी, बी गोळा करणे, रोपे तयार करणे, चर आणि आच्छादन राखणे यांत यंत्र ढकलण्यापेक्षा जास्त कसब लागते, आणि त्या कसबाला जास्त मोबदला दिला पाहिजे. दुसरी सोसायट्यांच्या कार्यकारिणींना. सर्वसाधारण सभेत सारे लॉन काढण्याचा ठराव आणू नये. जिथे वर्षभर कोणी पाऊल ठेवले नाही तो एक तुकडा निवडावा, त्याच्या पाण्याला मीटर लावावा, एका पावसाळ्यात तो बदलावा आणि पुढच्या मे महिन्यात आकडे सभेपुढे ठेवावेत. वाद आकड्यांनी जितका लवकर मिटतो तितका आग्रहाने मिटत नाही. तिसरी विनंती प्रत्येक वाचकाला. आज रोपवाटिकांमध्ये लॉनच्या गाद्या सहज मिळतात आणि तरवड, धायटी, मारवेल शोधावी लागतात, कारण कोणी मागतच नाही. रोपवाटिका मागणीवर चालतात. या उन्हाळ्यात आपल्या अंगणाचे पाणी मोजून पुढच्या पानांतल्या यादीतली पाच झाडे निवडावीत आणि ती जवळच्या रोपवाटिकेत नाव घेऊन मागावीत. पहिल्यांदा नकार मिळेल. दहा घरांनी तीच पाच नावे घेतली की पुढच्या जूनपर्यंत ती रोपे तिथे तयार असतील, आणि आज हट्ट वाटणारी ही बाग त्या भागातली साधी, परवडणारी निवड झालेली असेल.